कुंपणाखालची कोंबडी

आमच्या घरचे देव स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये राहत. भिंतीतल्या कपाटाला आयर्लंडमध्ये प्रेस म्हणतात, आणि डंडॉकच्या त्या भाड्याच्या घरात देवांना दुसरी जागाच नव्हती. वरच्या फळीवर चहाची पाकिटं, खाली डाळींचे डबे आणि मधल्या फळीवर बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि खंडोबाचा टाक. उदबत्ती लावली की आधी धुराचा अलार्म बोंबलायचा आणि मग आरती सुरू व्हायची. आई एका हाताने निरांजन ओवाळी आणि दुसऱ्या हाताने अलार्मखाली टॉवेल हलवी. त्या वर्षी आबाजी, म्हणजे आईचे वडील, आमच्याकडे होते. अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आले आणि साथीमुळे विमानं बंद झाली, ते वर्ष उलटलं तरी इथेच. त्यांचा सगळा जन्म एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गेला होता. भोंगा बिघडला तर नुसत्या तोंडाने गाड्या पुकारणारा तो आवाज आमच्या घरात मावत नसे. बाबा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आई वर बेडरूममध्ये तिच्या मीटिंगमध्ये, मी जिन्याखाली शाळेच्या ऑनलाइन वर्गात, आणि ह्या सगळ्यांच्या मधून आबाजी "पोरी, चहा घेतं काय व?" असं विचारत जात. बाबांच्या ऑफिसातले आयरिश लोकही पुढे पुढे तो आवाज आला की हसून हात हलवू लागले होते.

पण त्या घराबद्दल लिहायला बसलं की हसू नंतर येतं, आधी आठवते ती भीती. तेव्हा आम्ही सगळे सतत घाबरलेले असायचो. आबाजींचा फोन वाजला की आई वरून जिन्यापर्यंत धावत यायची, कारण अकोल्याहून आता कोण गेल्याचं कळेल याचा नेम नव्हता. दुकानातून आणलेला दुधाचा डबा बाबा दोन-दोनदा पुसून घ्यायचे. आणि ह्या सगळ्या भीतींच्या वर बाबांच्या फाइलची भीती होती. आयर्लंडचं नागरिकत्व मिळावं म्हणून बाबांनी अर्ज केला होता, कचेऱ्या बंद होत्या, उत्तर येत नव्हतं. अर्जदार चांगल्या चारित्र्याचा असावा अशी एक अट त्यात होती. ती अट बाबांच्या मानगुटीवर बसली होती. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी, तर बाबा साडेचार किलोमीटरलाच मागे फिरायचे. "एकदा का गार्डांकडे आपलं नाव गेलं ना, संपलं. मग बॅगा भरा आणि चला पुण्याला," असं ते म्हणत. गार्ड म्हणजे इथले पोलीस. पुणं मला सुट्टीपुरतं माहीत होतं. मला देवनागरी वाचता येत नव्हती, घरातल्या मराठीला मी इंग्रजीतून, आबाजींना अर्ध्यामुर्ध्या मराठीतून उत्तरं द्यायची, माझ्या सगळ्या मैत्रिणी ह्याच गावच्या होत्या. आपल्याला इथून काढून लावतील ही भीती मी कुणाजवळ बोलले नाही, पण रोज तिच्यासकट उठत होते.

मार्चमध्ये आबाजींनी मेथी पेरायची ठरवली. मागच्या अंगणाच्या टोकाला, झुडपांच्या कुंपणाखाली त्यांनी माती भुसभुशीत करायला घेतली आणि मला हाक मारली. त्यांच्या तळहातावर वीतभरही नसलेली एक मूर्ती होती, पांढऱ्या मातीची. लहान मूल, अंगात पायघोळ झगा, एक हात आशीर्वादाला उचललेला. डोकं नव्हतं. मूर्तीच्या खालून निघालेलं एक हिरवं पडलेलं नाणं त्यांनी आधीच खिशात टाकलं होतं.

"बाहुली असेल, आबाजी. इट्स ग्रँड, चालेल, टाका तिकडे," मी म्हणाले.

"बाहुली हात असा धरते काय? देव हाय थो. कोणाचा का असेना," आबाजी म्हणाले. "अन् डोकं नाही त्याले. खंडित मूर्ती घरात ठेवत नाही, अन् मातीतही टाकून द्याची नाही. चाल."

त्याच दुपारी आम्ही नदीवर गेलो. आबाजींनी रस्त्याकडेची पिवळी डॅफोडिल्स तोडली, कारण झेंडू कुठून आणणार, आणि बाबांच्या जुन्या जाड कोटात, कानटोपी घालून ते काठावर उभे राहिले. माझं सगळं लक्ष शाळेतलं कुणी बघत नाही ना याकडे. त्यांनी मूर्तीला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि ती अलगद पाण्यात सोडली. शेवटचे शब्द मला गणपतीमुळे ओळखीचे होते. पुनरागमनाय च. त्याचा अर्थ काय, असं मी येताना विचारलं. "परत ये म्हनलं," आबाजी म्हणाले. घरी येऊन त्यांनी चहा मागितला आणि तो विषय संपला. आईबाबांना सांगण्यासारखं त्यात काही आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

नाण्याचं मात्र कौतुक सुरू झालं. आईच्या डब्यातली चिंच भिजवून, मीठ लावून आबाजींनी ते घासलं. दिवाळीला आपण देवाची भांडी घासतो तसं, अंगठ्याने गोल गोल, जोर लावून. हिरवट थर निघाला आणि तांब्याचा लाल रंग वर आला. मग ते नाणं बाळकृष्णाशेजारी गेलं, त्यालाही रोज हळदकुंकू. दर शुक्रवारी पुन्हा चिंच. सापडलेला पैसा खर्च करायचा नसतो, देवापुढे ठेवायचा असतो, असं ते म्हणायचे. पण मला एकटीला त्यांनी एकदा वेगळंच विचारलं होतं. "ह्याचं काही येईल काय व, पोरी? लेकीच्या घरी सालभर बसून खाऊ राह्यलो मी." आमच्याकडच्या जुन्या माणसांना लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जड वाटे, आणि आबाजी तर वर्षभर दोन्ही वेळ जेवत होते. ते ताट पुढे ओढताना जरा थांबायचे, हे आईलाही दिसत होतं. ते नाणं किमती निघावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. आज इतक्या दशकांनी मीच त्यांच्या तेव्हाच्या वयाला आले आहे आणि माझ्या मुलीकडे पंधरा दिवस राहिले तरी भांडी घासायला पुढे होते.

एका शुक्रवारी निरांजन लावताना बाबांची नजर नाण्यावर गेली. चिंचेने एक बाजू चांगली उघडली होती. "हे हार्प आहे!" बाबा म्हणाले. तारांचं ते वाद्य इथल्या पासपोर्टवर छापलेलं असतं, आणि बाबा त्या पासपोर्टची किती वर्षं वाट बघत होते. दुसरी बाजू अगदी झिजलेली. बाबांना तिथे राजाचा मुकुट दिसला. आईला शिंपला.

"कोंबडी हाय थे," आबाजी म्हणाले. "हे पाह्य, चोच पाह्य."

"आबाजी, राजाच्या नाण्यावर कोंबडी कशाला असेल?" बाबा हसले. मी लॅपटॉपवर शोधलं. हार्प असलेली नाणी शेकडो वर्षांपूर्वीच्या राजांनी पाडलेली निघाली, आणि त्यांच्या किमती वाचून आई खुर्चीवर बसलीच. दोन मिनिटं आमच्या घरात दिवाळी होती. आबाजींनी तर बोलता बोलता आईला नवं वॉशिंग मशीन घेऊनही टाकलं. मग मी त्याखालचं पुढचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचत गेले, आणि वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. जमिनीत सापडलेली जुनी वस्तू सरकारच्या मालकीची असते. चार दिवसांत कळवावी लागते. न कळवणं, ती बिघडवणं, हा गुन्हा आहे. आणि जुनं नाणं कधीही घासू नये.

धुराचा अलार्म वाजायला लागला, तो कुणी बंद केला नाही.

त्यानंतरचे दिवस मला आजही नकोसे वाटतात. नाणं किमती असावं म्हणून जगात लोक देवाला नवस करतात. आमच्या घरात ते कवडीमोल निघावं म्हणून आई बाळकृष्णापुढे हात जोडत होती. किमती असलं तर आम्ही सरकारची चीज आठवडेच्या आठवडे लपवली आणि चिंचेने खरवडली असा त्याचा अर्थ होता. बाबा जेवेनात. संग्रहालयाला ईमेल लिहायचे, पुसायचे. पोस्टमनची गाडी थांबली तरी पडद्याआडून बघायचे. "परत पुरून टाकू," आई म्हणाली. "आणि कुणी विचारलं तर त्यावर कुंकू कसं, ते काय सांगू?" बाबा ओरडले. बाबा कधी ओरडत नसत. मी जिन्याखाली बसून रडले. मनातल्या मनात मैत्रिणींची नावं घेत होते, आणि कुणाला काय देऊन जायचं ते ठरवत होते. आबाजींचा आवाज एकदम गेला. ते चहाही मागेनात.

शेवटी एका सकाळी बाबांनी शर्ट इस्त्री केला आणि म्हणाले, "मी स्वतः गार्ड स्टेशनला जाऊन देतो. जे होईल ते होईल." माझा उच्चार इथला म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं, घाबरले की त्यांचं इंग्रजी पळून जायचं. आबाजी आधीच गाडीत जाऊन बसले होते. "गुन्हा माहा हाय, जावईबापू. तुमचं काऊन नाव लागाव?" नाणं कुंकवाच्या चपट्या डबीत होतं आणि डबी बाबांच्या खिशात. स्टेशनपर्यंत पोचायचीसुद्धा वेळ आली नाही. पुलाच्या अलीकडे पिवळे ट्रॅफिक-कोन मांडून गार्डांनी गाड्या थांबवल्या होत्या. एक तरुण उंच गार्ड वाकून खिडकीशी आला आणि कुठे निघालात, एवढंच त्याने विचारलं. सगळ्यांनाच विचारत होता.

मास्कमुळे बाबांचा चष्मा धुकटला. "टू यू," ते म्हणाले. "वी आर कमिंग टू यू." आणि त्यांनी डबी उघडायला घेतली. ती फटकन उघडली, कुंकू सांडलं, बाबांचा तळहात आणि इस्त्रीचा शर्ट लालभडक झाला. गार्ड एक पाऊल मागे सरला. "लागलंय का तुम्हाला?" त्याने विचारलं, आणि त्याचा हात खांद्यावरच्या रेडिओकडे गेला. मी मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हे रक्त नाही, ही पूजेची पावडर आहे. आम्हाला अंगणात जुनं नाणं सापडलं. आबाजींनी ते घासलं कारण आमच्याकडे घासतात. आम्ही चोर नाही आहोत.

गार्डने ते लाल नाणं दोन बोटांत धरलं, ढगाकडे करून पाहिलं आणि त्याच्या मास्कच्या कडा हलल्या. "अगं, ही पेनी आहे," तो म्हणाला. "पूर्वीची, आपली साधी पेनी. माझ्या आजीकडे बरणीभर होत्या. ही बघ कोंबडी, आणि ही तिची पिल्लं. कुणी दोन युरो दिले तर घेऊन टाका."

"हेन" एवढा शब्द आबाजींना कळला. "मी म्हनत नव्हतो?" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडचा गार्डही वळून बघायला लागला.

बाबांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला वाटलं ते हसताहेत, पण ते रडत होते. मला तर गाडीतून उतरून नाचावंसं वाटलं. आणि तेवढ्यात तो भला माणूस म्हणाला, "कुंपणाखाली सापडली ना? मग वर बाळ येशूचा पुतळाही असेल. लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून आदल्या रात्री आमच्या बायका तो कुंपणाखाली ठेवायच्या, खाली एक नाणं. मुंडकं तुटलेला असेल तर फारच शुभ! तो सांभाळा हं. ज्याचा असेल त्याला त्याचं मोल असतं."

बाबांनी कसला पुतळा म्हणून मागे वळून पाहिलं. मी आबाजींकडे पाहिलं. गाडी वळवून घराकडे येताना मी बाबांना नदीची हकीगत सांगितली, आणि जी भीती आत्ता खाली उतरली होती ती दुपटीने परत चढली. घर नुआलाचं होतं. नुआला म्हणजे आमची घरमालकीण, सत्तरी ओलांडलेली, शेजारच्याच घरात राहणारी. अंगण तिचं, कुंपण तिचं, तर देवही तिचाच असणार. जानेवारीत तिचा नवरा टॉम गेला होता आणि तेव्हापासून ती क्वचितच बाहेर दिसे. "कुणाचा तरी देव आपण पाण्यात बुडवला," बाबा म्हणाले. "ती आपल्याला घरात ठेवेल का? आणि का ठेवावं?" त्या दिवसांत दुसरं घर बघायला जायचीही परवानगी नव्हती.

आम्ही चौघं तिच्या फाटकापाशी ओळीने उभे राहिलो, मास्क लावून, अंतर ठेवून. नुआला गमबूट घालून बाहेर आली. बाबांनी पेनी पुढे केली, पाठ केलेलं माफीचं वाक्य अर्ध्यात विसरले, आणि पुढचं मला सांगावं लागलं. तिने पेनीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि तो छोटा?" तिने विचारलं. "तो आईने ठेवलेला माझ्या लग्नाला. दिवसभर थेंब पडला नाही. मग तो तसाच राहू दिला आम्ही. कुठे आहे तो?"

मी नदीकडे बोट केलं. तिने चेहऱ्यावरून हात फिरवला. आईने माझा हात दाबला. मग नुआलाने विचारलं की हे आजोबा त्याला नुसतं फेकून आले का. नाही, मी म्हणाले, कपाळ नव्हतं म्हणून छातीला कुंकू लावलं, फुलं वाहिली, प्रार्थना म्हटली. आमच्याकडे भंगलेल्या देवाला असाच निरोप देतात. त्याला शेवटी परत ये म्हणतात.

"फुलं," नुआला म्हणाली. "टॉमच्या अंत्यविधीला चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती आणि गायला मनाई होती. त्याचा भाऊ रस्त्यावर गाडीत बसून होता." तिने पेनी बाबांच्या तळहातावर परत ठेवली. घर सोडा असं ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतर कधीच नाही. बाबांचं नागरिकत्वाचं पत्र यायला पुढे बराच काळ लागला, पण ते आलं. पेनी आबाजींनी अकोल्याला परतताना आईच्या हातावर ठेवली आणि एवढंच जमलं म्हणाले. ती अजून आमच्या प्रेसमध्ये आहे आणि चिंच लागून लागून आता तिच्यावर कोंबडीही उरलेली नाही. त्या दिवशी मात्र नुआलाने बाबांकडे नाही, आबाजींकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "त्यांना विचार, टॉमसाठी म्हणतील का तेच? तो त्याच नदीवर मासे धरायचा."

रविवारी दुपारी आम्ही नदीवर गेलो. नुआलाने स्वतःच्या बागेतली डॅफोडिल्स आणली होती. आबाजी कानटोपी काढून हातात धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. "पोरी, थे शब्द देवासाठी असते," ते हळूच म्हणाले. "माणसाले असं म्हनत नाही. गेला तर जाऊ द्याचा. परत ये म्हनलं तर थो अटकते." ते खरोखर घाबरले होते, गार्डला नव्हते घाबरले तेवढे. हे इंग्रजीत कसं सांगायचं मला कळेना. नुआला पाण्याकडे बघत थांबली होती, ओठ मिटून. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पूर्ण मराठीत उत्तर दिलं. म्हणाले, "आबाजी, पण तिला तो परत पाहिजे."

त्यांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग फुलं पाण्यात सोडली आणि पुटपुटले, "पुनरागमनाय च."

"ऐकू नाही आलं मला," नुआला म्हणाली. "अजून एकदा म्हणायला सांग."

आबाजींनी म्हटलं, आणि ह्या वेळी डेपोतल्या आवाजात म्हटलं.